गडग्यावरचं मॉस आणि सड्यावरचा कोल्हा: तुलना करायची तर कशाची?

कातळफूल:

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या वर्गाला 'गावातल्या कुठल्याही दोन सजीवांची तुलना' असा प्रकल्प दिलाय. आंबा-काजू, गाय-म्हैस, बगळा-खंड्या अशा जोड्या आल्या. एका मुलीने मात्र शाळेच्या गडग्यावरचं (दगडी कुंपणावरचं) मॉस आणि सड्यावरचा (उघड्या कातळाच्या माळावरचा) कोल्हा ही जोडी आणली. हीच का, असं विचारलं तर म्हणाली, "बाई, दोघांचं घर एकच कातळ आहे. पण एकाला पाऊस हवा आणि दुसरा पावसात लपून बसतो."

मला तिचं उत्तर फार आवडलं. अडचण पुढची आहे. वहीत तिने तक्ता केला, त्यात एका बाजूला 'स्वयंपोषी, स्थिर, हिरवे' आणि दुसऱ्या बाजूला 'परपोषी, हालचाल करतो, तपकिरी'. त्याखाली मॉसच्या रकान्यात डोळे नाहीत, दात नाहीत, हाडं नाहीत. असा तक्ता कुठल्याही झाडाचा आणि कुठल्याही जनावराचा होईल. तिने स्वतः बघितलेलं त्यात काहीच उतरलेलं नाही, आणि मला नेमकं तेच उतरवून घ्यायचंय.

दोन्ही जाती सांगून ठेवते. गडग्यावरचं मॉस भिंगाखाली पाहिलं. उंची सेंटिमीटरभरही नाही, पानं टोकाकडे रुंद, सुकली की दोन्ही कडा आत वळतात. हायोफिला इन्व्होल्युटा, असं कॉलेजातल्या एका मॅडमनी ओळखून दिलं. कोल्हा म्हणजे आपला नेहमीचा सोनेरी कोल्हा, कॅनिस ऑरियस.

या दोघांची तुलना खरोखर कोणत्या मुद्द्यांवर होऊ शकते? आणि त्यातलं तिला गावात राहून, सूक्ष्मदर्शकाशिवाय, काय बघता येईल?

निखारा:

बाई, मुलीचं कौतुक आहेच, पण जोडी बदलावी असं माझं मत. तुलनेला दोघांत बरंच काही समाईक लागतं, तरच फरकाला अर्थ येतो. मॉस घ्यायचं तर शेजारी दगडफूल घ्या. दोन्ही चिऱ्यावर (जांभ्या दगडावर), दोन्ही सुकतात, दोन्ही पावसात जागी होतात, आणि तरी एक वनस्पती आहे, तर दुसरं बुरशी आणि शैवालाचं एकत्र बिऱ्हाड.

कोल्हा घ्यायचा तर शेजारी कोळसून, म्हणजे रानकुत्रा. एकाच कुळातले, पण कोल्ह्याला ४२ दात आणि कोळसुणाला ४०. खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंना एकेक दाढ कमी. कोल्हा बहुधा जोडीने फिरतो, कोळसून कळपाने सांबर पाडतो. कोल्ह्याची कुई, तर कोळसुणाची शिट्टी. कोळसून वर आंबोली-तिलारीच्या रानात, कोल्हा खाली सड्यापासून खाजणापर्यंत, म्हणजे खाडीकाठच्या चिखलापर्यंत. कुळ एक असलं तर फरक का पडला, असा प्रश्न तरी विचारता येतो. मॉस आणि कोल्ह्यात तो प्रश्नच उभा राहत नाही.

आगरातली:

गुहागरहून वाचतेय. छान धागा. मधेच एक विचारते, चालेल ना? आमच्या आगराच्या गडग्याला पावसात मॉस धरतं, आणि आमचे हे दर दिवाळीला खरवडून चुना मारायचं म्हणतात. मॉसने चिरा खराब होतो का?

हरितद्रव्य:

माझी सगळी नोकरी वनस्पतिशास्त्र शिकवण्यात झाली, त्यामुळे जरा लांब लिहितो.

आधी काकूंचं. मॉसला मुळं नसतात. मूलकल्प नावाचे बारीक धागे असतात, ते नुसते धरून ठेवतात. गडगा फोडतात ती पिंपळाची आणि वडाची मुळं. मॉसच्या गादीत धूळ साचते आणि त्या धुळीत पिंपळाचं बी रुजतं, एवढाच काय तो संबंध. तेव्हा पिंपळाचं रोप दिसलं की लगेच उपटा, मॉस राहू द्या. पायऱ्यांवरचं मात्र काढा, पाय घसरतो.

आता निखारा यांचा आक्षेप. दगडफूल आणि कोळसुणाच्या जोड्या उत्तम आहेत, पण मुलीची जोडी टाकाऊ नाही. तक्ता 'नाही'ने भरला, कारण मुद्दे सगळे प्राण्याकडून घेतले. डोळे, दात, हाडं विचारली तर मॉस नाहीच म्हणणार. मुद्दा दोघांनाही पडणाऱ्या प्रश्नाकडून घ्यायचा. पाणी कसं सांभाळायचं? जोडीदारापर्यंत कसं पोचायचं? पिल्लाला खायला कोण घालणार? हे प्रश्न मॉसलाही आहेत आणि कोल्ह्यालाही.

जोडीदाराचंच घ्या. हायोफिलात नर रोप वेगळं, मादी रोप वेगळं. नर रोपातून सुटलेल्या नर पेशीला दोन शेपट्या असतात आणि ती पाण्याच्या थरातून पोहत मादीच्या अंडपेशीपर्यंत जाते. त्या शेपटीचा आडवा छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर कडेने सूक्ष्म नळ्यांच्या ९ जोड्या आणि मधोमध २ नळ्या दिसतात. कोल्ह्याच्या शुक्राणूला शेपटी एकच, पण तिचा छेद घ्या: कडेने ९ जोड्या, मधोमध २. ही रचना दोघांनी वेगवेगळी शोधलेली नाही. वनस्पती आणि प्राण्यांचे पूर्वज शंभर कोटींहून जास्त वर्षांपूर्वी वेगळे झाले, त्याच्याही आधीपासूनचा हा वारसा आहे.

आणि आंबा? नारळ? काजू? फुलं येणाऱ्या सगळ्या झाडांनी ही शेपटी सोडून दिली. त्यांच्या नर पेशी पोहत नाहीत, परागनलिका त्यांना बीजांडापर्यंत नेऊन सोडते. बागेतल्या सायकसने मात्र अजून ती राखली आहे. म्हणजे या एका बाबतीत गडग्यावरचं मॉस शेजारच्या हापूसपेक्षा सड्यावरच्या कोल्ह्याला जवळचं. शिकवायला लागल्यापासून आजतागायत मला हे सांगताना आनंद होतो. निखारा, आता सांगा, प्रश्न उभा राहतो की नाही?

दुसरी गोष्ट गुणसूत्रांची. कोल्ह्याच्या शरीरातल्या पेशीत ७८ गुणसूत्रं, म्हणजे ३९ जोड्या. अर्धा संच फक्त शुक्राणूत आणि अंड्यात. कोल्ह्याच्या आयुष्यातला हा एकेरी संचाचा काळ एका पेशीपुरताच असतो, ती पेशी स्वतंत्रपणे वाढतही नाही. मॉसमध्ये बरोबर उलट. आपण गडग्यावर जी हिरवी गादी बघतो ती सगळी एकेरी संचाची. फलन झालं की दुहेरी संचाचा बीजुकधारी उगवतो, म्हणजे ती बारीक दांडी आणि टोकावरची बोंडी. बोंडीतून बीजुकं उडाली की त्याचं काम संपतं. कोल्ह्यात जो भाग डोळ्यांना दिसतही नाही, तो मॉसमध्ये सगळा संसार चालवतो. याचा एक परिणाम असा की मॉसमध्ये एखादा जनुक बिघडला तर झाकायला दुसरी प्रत नसते, दोष लगेच उघडा पडतो. कोल्ह्यात तो कित्येक पिढ्या लपून राहू शकतो.

तिसरी गोष्ट ऐकून मुलं नेहमी चकित होतात. मॉसचा बीजुकधारी आईच्या अंगावरच वाढतो. त्याचं बूड आईच्या पेशींत रुतलेलं असतं आणि मधल्या खास पेशींतून आई त्याला साखर-पाणी पुरवते. वनस्पतिशास्त्रज्ञ त्या जागेला प्लॅसेंटाच म्हणतात, म्हणजे आपण जिला वार म्हणतो ती. कोल्हीण पिल्लांना दोन महिने पोटात वाढवते, मग बाहेर दूध पाजते. मॉसचं पिल्लू आईला कधी सोडतच नाही.

खाजणकाठ:

आचऱ्याकडसून लिवतंय. कोलो आमच्या खाजणात रोजचो. भरती ओसारली काय चिखलात उतारता, कुर्ले धरूक. आजयेन सांगितल्यान होता, कोलो बिळात शेपटी घालता, कुर्लो शेपटेक चावलो काय भायर वडता. मी बगलंय ता वेगळा. पुढल्या पायान चिखल उकरता, नाक घालता, दातान धरून भायर टाकता. कुर्लो नांगे उगारता तेवा दोन पावला मागे सरता, बाजून येता. पयले नांगे मोडता, मगे पाठ फोडता. चैत-वैशाखात त्येच्या गुवात करवंदाची बियां दिसतत.

त्या चेडवाक सांगा, मॉसाक दात नाय ह्यां लिवची गरज नाय. कोलो दात कशे वापरता ता लिव म्हणा.

आगरातली:

'कोल्हा काकडीला राजी' म्हणतात ते उगीच नाही तर. धन्यवाद सर, आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. यंदा खरवडणार नाहीत.

रानवाटसरू:

खाजणकाठदादा, सुंदर निरीक्षण. मी चिपळूणचा, वन्यजीव बचावाच्या कामात असतो. कोल्ह्याची बाजू मी मांडतो, आणि सुरुवात मुलीच्या वाक्यापासून करतो, कारण सगळी तुलना त्याच वाक्यात दडली आहे.

कोल्हा पावसात लपून बसत नाही. आपल्याकडे त्यांची जोडी जमते ती माघ-फाल्गुनाच्या सुमाराला, पिल्लं होतात चैत्र-वैशाखात. जन्मतात तेव्हा डोळे मिटलेले, साधारण दहा दिवसांनी उघडतात. दोन-अडीच महिने दूध. म्हणजे मृग बरसून सडा हिरवा होतो त्या सुमाराला पिल्लं आईबापांच्या मागे फिरायला लागलेली असतात. आदल्या वेतातलं एखादं मोठं पिल्लू घरीच राहून धाकट्यांना सांभाळायला मदत करतं. आईबाप खाल्लेलं ओकून त्यांना भरवतात. पावसात कोल्हा दिसत नाही, कारण सड्यावरचं गवत त्याच्या पाठीएवढं वाढतं. शिवाय पोट तिथल्या तिथे भरतं: उंदीर, बेडूक, कुर्ल्या. त्याला उघड्यावर यायचं कारण नसतं.

आणि मॉस उन्हाळ्यात गेलेलं नसतं. त्याच चिऱ्यावर, त्याच जागी, करड्या-काळ्या पापुद्र्यासारखं बसलेलं असतं. दोघंही बारा महिने तिथेच. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने जांभा तापतो आणि पाणी धरत नाही. त्या आठ महिन्यांचं काय करायचं, हा दोघांपुढचा प्रश्न. उत्तरं अगदी उलटी.

कोल्हा अंगातलं पाणी आणि तापमान बदलू देत नाही. त्याला ते परवडणारच नाही, अंगातलं थोडंफार पाणी कमी झालं तरी तो मरेल. म्हणून एप्रिलमध्ये तो दिवसभर कपारीत नाहीतर करवंदीच्या जाळीत पडून असतो, जीभ काढून धापतो, तिन्हीसांजेला निघतो, खाण्यातून पाणी मिळवतो आणि झरा असेल तिथपर्यंत चालतो. त्याच्याकडे पाय आहेत, तो जागा बदलतो.

मॉसचं सरांनी सांगावं.

हरितद्रव्य:

मॉस जागा बदलत नाही, अवस्था बदलतं. त्याचं पान बहुतेक ठिकाणी एकाच पेशीच्या जाडीचं, वर मेणाचा थर नाहीच म्हणावा इतका पातळ. हवा कोरडी झाली की पाणी निघून जातं आणि ते जाऊ देतं. पानं आत वळतात, प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वसन जवळपास थांबतं. पेशी आटते पण मोडत नाही, कारण आतली साखर आणि काही प्रथिनं तिची रचना धरून ठेवतात. पाणी मिळालं की काही मिनिटांत पानं उघडतात आणि मोडलेलं दुरुस्त करायचं काम लगेच सुरू होतं. कोल्ह्याला असं थांबता येत नाही. त्याचं हृदय आणि मेंदू क्षणभरही पाण्यावाचून, रक्तावाचून चालत नाहीत.

हे थांबणं किती लांबू शकतं त्याचं एक टोकाचं उदाहरण. अंटार्क्टिकाजवळच्या साइनी बेटावर गोठलेल्या मॉसचा खोल थर काढून उबेत ठेवला, तर १५०० वर्षांहून जुन्या भागातून नवे कोंब फुटले. हे २०१४ साली प्रसिद्ध झालं. ती जात वेगळी आणि तिथे कारण बर्फ होतं, आपल्याकडे ऊन आहे. पण आयुष्य थांबवून ठेवायची हातोटी मॉसमध्ये किती मुरलेली आहे ते त्यातून कळतं.

मुलीच्या तक्त्यात पहिली ओळ हीच असावी, असं माझं ठाम मत. बाकी सगळं त्यातून निघतं. जो चालतो त्याला पाय, नाक, कान, आठवण हवी. जो थांबतो त्याला पुन्हा उठायची तयारी हवी.

कातळफूल:

किती छान लिहिताय सगळे! उद्या तिला हे वाचायला देते. रानवाटसरू, तुम्ही नाकाचा विषय आणलात तर विचारते: कोल्हा मुतून हद्द आखतो, हे मुलांना माहीत असतं. वासाचा असा उपयोग मॉसमध्ये काही आहे का?

रानवाटसरू:

कोल्ह्याचं आधी सांगतो. नर-मादी दोघंही हद्दीवर मूत्र सोडतात. दगड, गवताचा झुबका, वाटेचा फाटा अशा ठरलेल्या जागा असतात. हद्द काही चौरस किलोमीटरची, खाणं भरपूर असेल तर लहान, नसेल तर मोठी. संध्याकाळची कुई हाही हद्दीचाच भाग. एक कुटुंब सुरू झालं की पलीकडच्या सड्यावरून दुसरं उत्तर देतं. कुठून कुठून आवाज आले ते मांडलं तर किती कुटुंबं आहेत याचा अंदाज येतो. युरोपात कोल्ह्यांची मोजणी अशीच, कुईचं ध्वनिमुद्रण वाजवून करतात.

हरितद्रव्य:

बाई, वास आहे!

मॉसच्या नर पेशीला पोहायला पाणी लागतं, पण ती फार लांब पोहू शकत नाही. मग नर गादी आणि मादी गादी यांत अंतर असेल तर? २००६ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी नर आणि मादी मॉसच्या चकत्या काही एकमेकींना चिकटून, तर काही २ आणि ४ सेंटिमीटर दूर ठेवल्या. काही भांड्यांत स्प्रिंगटेल आणि बारीक कोळीकिडे सोडले, काहींत सोडले नाहीत. किडे असलेल्या भांड्यांत दूरच्या मादीलाही बोंड्या आल्या. नसलेल्या भांड्यांत फक्त चिकटून ठेवलेल्यांनाच आल्या. स्प्रिंगटेल म्हणजे ओल्या पालापाचोळ्यात टुणकन उडी मारणारे, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे सहा पायांचे जीव. तेच नर पेशी अंगावर घेऊन जात होते. पुढे २०१२ मध्ये दुसऱ्या एका जातीवर असं दिसलं की मॉस वास सोडतं, नर आणि मादीचा वास वेगळा असतो आणि स्प्रिंगटेल मादीच्या वासाकडे जास्त ओढले जातात.

म्हणजे फुलं आणि मधमाश्या जमिनीवर यायच्या कितीतरी आधीपासून ही देवघेव चालू असावी. कोल्ह्याचा वास म्हणतो, ही हद्द माझी. मॉसचा वास म्हणतो, इकडे या. दोघांकडे वास आहे, काम मात्र उलटं. मुलगी नववीत असली तरी हे तिला नक्की कळेल.

खाजणकाठ:

सर, एक इचारतंय. कोलो गडग्यार चढता, गडग्यावरसून भाटल्यात उडी मारता. त्येच्या पायाक मॉस लागान दुसरीकडे रुजता काय?

हरितद्रव्य:

फार चांगला प्रश्न, दादा. मॉसचा तुटलेला तुकडाही नवं रोप होऊ शकतो. हायोफिलाची तर पानांच्या बगलेत कळ्यांसारखी बारीक पिलवं येतात, ती गळून रुजतात. जर्मनीत रो हरणं आणि रानडुकरांच्या केसांत-खुरांत मॉसचे तुकडे सापडल्याचं २००१ मध्ये नोंदलं गेलंय. कोल्हा ठरलेल्या जागेवरूनच गडगा ओलांडत असेल, तर मुलीला ती जागा बघायला सांगा: तिथलं मॉस झिजलंय का, आणि खाली उतरतो त्या चिऱ्यांवर नवे झुबके आहेत का. उत्तर काहीही येवो, तिने स्वतः शोधलेलं असेल.

निखारा:

सर, शेपटीचा मुद्दा वाचून ही जोडी मला आवडायला लागली आहे. मी जनुकांच्या माहितीवर काम करतो, म्हणून त्या बाजूची भर घालतो.

कोल्ह्याचा अगदी जवळचा नातेवाईक कुत्रा. कुत्र्याचा जनुकसंच २००५ मध्ये प्रसिद्ध झाला: डीएनएची सुमारे २४० कोटी अक्षरं आणि साधारण १९ ते २० हजार जनुकं. मॉसपैकी सर्वांत आधी वाचला गेला तो फिस्कोमिट्रेलाचा, २००८ मध्ये. तो पाठ्यपुस्तकातल्या फ्युनारियाच्याच कुळातला. अक्षरं सुमारे ५० कोटी, म्हणजे कुत्र्याच्या पाचवा हिस्सा. आणि जनुकं ३० हजारांच्या वर! सेंटिमीटरभराच्या त्या रोपात कुत्र्यापेक्षा जास्त जनुकं आहेत. त्याच्या पूर्वजांत अख्खा संच दुप्पट होण्याचा प्रकार घडून गेलाय, हे एक कारण. दुसरं मला जास्त पटतं: जागा सोडता येत नाही म्हटल्यावर ऊन, मीठ, बुरशी, कोरड या सगळ्यांवर उपाय रसायनांनीच करावा लागतो, आणि रसायनं बनवायला जनुकं लागतात.

'जात' म्हणजे काय हाही मुद्दा घ्या. आफ्रिकेतल्या कोल्ह्यांना पूर्वी आपल्याच सोनेरी कोल्ह्यात धरायचे. २०१५ मध्ये जनुकं तपासल्यावर ते लांडग्याला जास्त जवळचे निघाले आणि वेगळी जात ठरले. दिसायला जवळजवळ सारखे. मॉसमध्येही नुसत्या डोळ्यांनी सारख्या दिसणाऱ्या जाती पुष्कळ. कॉलेजातल्या मॅडमनी भिंगाखाली बघून नाव दिलं, हे फार चांगलं झालं.

आगरातली:

कोल्ह्याला कायद्याचं संरक्षण आहे असं ऐकलंय. मॉसला काही आहे का?

रानवाटसरू:

कोल्ह्याला आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. त्याला मारणं, पकडणं, त्याचे अवयव बाळगणं गुन्हा आहे. इथे वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, 'कोल्ह्याचं शिंग' म्हणून बाजारात जे विकतात ते घेऊ नका. कोल्ह्याला शिंग नसतं. कातडीचा केसाळ तुकडा गुंडाळून ते बनवतात आणि त्यापायी कोल्हे मारले जातात. याचा मला मनापासून संताप येतो.

वनस्पतींच्या परिशिष्टात मोजकीच नावं आहेत, मॉस त्यात नाही. हायोफिलाला तशी गरजही नाही, ते शहरातल्या सिमेंटच्या भिंतीवरही उगवतं. कोल्हाही जगभराचा विचार करता संकटात नाही, उलट गेल्या काही दशकांत तो युरोपात पसरत थेट नॉर्वेपर्यंत गेलाय. पण जगात आहे म्हणून आपल्या सड्यावर राहीलच असं नाही. सडा सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून लागतो. तिथे दीपकाडी फुलते, सीतेची आसवं फुलतात, कातळशिल्पं आहेत, तरी कागदावर पडीक. चिरेखाण सुरू झाली की वरचा कातळ जातो. मॉस खाणीच्या उभ्या भिंतीवर चार-सहा पावसांत परत धरेलही. कोल्ह्याचं तसं नाही. त्याला बिळाची कपार, पाण्याची जागा आणि रात्रीची मोकळी वाट, तिन्ही एकमेकांना जोडलेली लागतात. मधे रस्ता आणि कुंपण आलं, भटकी कुत्री वाढली, त्यांच्याकडून रेबीज-डिस्टेंपर आला, की कोल्हा जातो. मॉसला जगायला तळहाताएवढी ओली सावली पुरते, कोल्ह्याला अख्खा सडा लागतो.

हरितद्रव्य:

एक पुरवणी. मॉसला मुळं नाहीत, ते पाऊस आणि धूळ अंगाने शोषून घेतं. त्यामुळे हवेतले जड धातू त्यात साठतात. युरोपातले बरेच देश १९९० पासून दर पाच वर्षांनी मॉस गोळा करून हवेतल्या धातूंचं मोजमाप करतात. कोल्ह्याच्या अंगात तेच धातू जातील ते उंदीर, कुर्ली यांच्या मार्गाने. हवा बिघडली तर मॉस थेट सांगेल, खाण्याची साखळी बिघडली तर कोल्हा.

कातळफूल:

तिने सगळं वाचलं, दोनदा. तक्ता फाडून टाकला. आता तिने दोन पानं समोरासमोर घेतली आहेत, वर 'कातळावरचे आठ कोरडे महिने' असं शीर्षक दिलंय, आणि खाली ती बघेल ते लिहिणार आहे.

ठरलंय ते असं. सुकलेल्या मॉसवर ड्रॉपरने थेंब टाकून पान पूर्ण उघडायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघायचं, एकदा आता आणि एकदा आणखी ऊन चढल्यावर. काल करून बघितलं: थेंब पडल्यावर आधी कडेची पानं बाहेर वळली, मग टोकाची, आणि करडा रंग डोळ्यांदेखत हिरवा झाला. वर्ग अगदी गप्प झाला होता. संध्याकाळी अंगणातून कुई ऐकायची, वेळ आणि दिशा लिहायची. गडग्यावरची कोल्ह्याची वाट तिच्या आजोबांना ठाऊक आहे, ती ते दाखवणार आहेत.

रानवाटसरू, सुरक्षिततेचं काही सांगायचं असेल तर सांगा.

रानवाटसरू:

विष्ठा हाताने उचलू नये, काडीने उकलून बियांच्या, खेकड्याच्या कवचाच्या नोंदी कराव्यात आणि मग हात साबणाने धुवावेत. त्यात फीतकृमींची अंडी असू शकतात. बीळ सापडलं तर जवळ जायचं नाही, विशेषतः आता पिल्लांच्या दिवसांत. माणसाचा वावर जाणवला तर मादी पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि त्या हलवाहलवीत ती दगावू शकतात. बिळाची जागा, फोटो इथे किंवा गावाच्या ग्रुपवर टाकू नका. दिवसा लाळ गाळणारा, झोकांड्या खाणारा कोल्हा दिसला तर लांब राहून वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

कातळफूल:

सांगते तिला. आणि सर, तिचा एक प्रश्न आहे, मला उत्तर देता आलं नाही. "मॉसची नर आणि मादी रोपं वेगळी असतात, तर आपल्या गडग्यावर नुसत्या माद्याच असतील तर?"

हरितद्रव्य:

तर बोंड्या येणार नाहीत. असं पुष्कळ ठिकाणी होतं. एखादं पिलवं येऊन रुजतं, त्यातून अख्खा गडगा भरतो आणि सगळी रोपं एकाच लिंगाची, एकाच जनुकसंचाची असतात. कोल्ह्यांत नुसत्या माद्या उरल्या तर एका पिढीत वंश संपेल. हायोफिला पिलवांवर वर्षानुवर्षं चालू राहतं.

तिला सांगा, पाऊस सरता सरता, भाद्रपद-आश्विनात, गडगा या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंग घेऊन बघ. कुठेही उभी दांडी आणि तिच्यावर लांबट बोंडी दिसली, तर नर जवळपास आहे. ती जागा खडूने खूण करून ठेव आणि मला फोटो पाठव.